जितके असेल तितके

"एका बैलगाडीला दोन बैल लागतात. गावातल्या बैलांची संख्या ब, गाड्यांची संख्या ग. दोन्हींचा संबंध समीकरणात लिहा."

फळ्यावर एवढंच लिहून मी बाजूला झाले. नववीचा वर्ग होता, पोळा नुकताच होऊन गेला होता, आणि बैलगाडीचा हिशोब न कळणारं एकही मूल त्या खोलीत नव्हतं. बासष्ट मुलं, पंधरा गट, प्रत्येक गटाला एक पाटी. दोन मिनिटांत अकरा पाट्यांवर एकच उत्तर आलं : २ब = ग.

मी चूक म्हटलं नाही, बरोबरही म्हटलं नाही. खिडकीजवळच्या गटात एक मुलगा खात्रीने समजावत होता : दोन बैल, म्हणजे दोन ब, त्यांची गाडी एक, म्हणजे ग. शेजारची मुलगी ऐकत होती. मग तिने पाटीच्या कोपऱ्यात १० लिहिलं.

"दहा गाड्या असल्या तर बैल किती?"

"वीस."

"मग ब झाला वीस. दोन ब म्हणजे चाळीस. गाड्या चाळीस?"

मुलगा पाटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण ब म्हणजे बैल ना?"

"नाही. ब म्हणजे बैल किती, ते."

मी त्यांच्या मागेच उभी होते. बारा वर्षं बीजगणित शिकवताना हे वाक्य मी वर्गात एकदाही उच्चारलं नव्हतं. ते एका चौदा वर्षांच्या मुलीने आपल्या शेजाऱ्याला सांगितलं, तेही मी गप्प राहिले म्हणून.

चाळीसगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी २००३पासून गणित शिकवते. बैलगाडीचा हा तास २०१५चा. त्याआधी मी बीजगणित जसं शिकवत होते तसंच बहुतेक शाळांत शिकवतात, आणि मलाही तसंच शिकवलं होतं. ५अ आणि ३अ यांची बेरीज सांगायची तर पाच आंबे आणि तीन आंबे, झाले आठ आंबे. ५अ आणि ३ब? पाच आंबे आणि तीन बोरं, एकत्र होत नाहीत, तशीच ठेवा. वर्ग मान डोलावतो. सजातीय पदं आणि विजातीय पदं एका तासात संपतात. गृहपाठ बरोबर येतो. शिक्षकाला वाटतं, जमलं.

जमलेलं नसतं. आंब्याचा तो अ पुढच्याच पाठात अडून बसतो. अ गुणिले अ म्हणजे काय? २००७ की २००८ साली आठवीतल्या एका मुलाने मला उभं राहून विचारलं होतं, "मॅडम, आंब्याचा वर्ग म्हणजे काय?" वर्ग हसला. मी त्याला म्हटलं, असं विचारायचं नसतं, सूत्र पाठ कर. त्याने पुन्हा कधी काही विचारलं नाही. त्या वर्षी त्या वर्गात विचारला गेलेला सर्वांत चांगला प्रश्न तो होता, आणि मी तो खाली बसवला. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

अक्षर म्हणजे वस्तू नाही, संख्या आहे, इतकी साधी गोष्ट. बीजगणितात मुलांच्या ज्या चुका होतात, त्यांतल्या कितीतरी चुकांच्या मुळाशी हा एकच घोळ असतो. आणि तो घोळ मुलांच्या डोक्यात मीच घातला होता.

माझ्या विचाराला पहिला धक्का बसला तो वर्गाबाहेर. २०१४ हे भास्कराचार्यांच्या जन्माचं नऊशेवं वर्ष. आमच्या तालुक्यात पाटण आहे, लोक पाटणादेवी म्हणतात. गौताळ्याच्या जंगलाच्या पायथ्याशी चंडिकेचं देऊळ, पावसाळ्यात चोहीकडून उतरणारं पाणी. आमच्याकडची मुलं तिथे लहानपणापासून नवस फेडायला आणि सहलीला जातात. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ काढला, त्याचा शिलालेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेखाचा बराचसा भाग संस्कृत, पण शेवटी जुन्या मराठीत नोंद आहे : पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाचा जो हिस्सा होता, तो मठाला दिला. गणिताच्या शाळेचा खर्च बाजार उचलत होता, हे मुलांना फार आवडलं. आमच्या निम्म्या मुलांचे वडील आठवडे बाजारात बसतात.

सहलीची तयारी म्हणून मी सुट्टीत भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथाविषयी वाचत होते. पदवीला गणित घेतलं होतं, तरी हे कधी वाचलं नव्हतं. ते अज्ञात संख्येला 'अव्यक्त' म्हणतात आणि पहिल्या अव्यक्ताचं नाव ठेवतात 'यावत्तावत्'. दुसरं अव्यक्त आलं तर कालक, मग नीलक, पीतक, लोहितक. म्हणजे काळा, निळा, पिवळा, तांबडा. लिहिताना नुसतं पहिलं अक्षर : या, का, नी. रंगांची गंमत मुलांना सांगायला छान होती. मी मात्र अडकले यावत्तावत् या शब्दावर. यावत् तावत्. जितके असेल तितके. यात आंबा नाही, बोर नाही. एक संख्या आहे, किती आहे ते अजून माहीत नाही, पण आहे, आणि तिच्यावर आपण बेरीज-वजाबाकी करू शकतो. ३६व्या वर्षी, इ. स. ११५०मध्ये, 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण करणाऱ्या माणसाच्या लेखणीत अक्षराचा अर्थ इतका स्वच्छ होता, आणि मी तालुक्यातल्याच शाळेत फळं वाटत बसले होते.

(आता पाठ्यपुस्तकांत इंग्रजी अक्षरं छापतात. मी शिकले तेव्हा आमच्या सरांच्या तोंडी क्ष आणि य असत. इथे मी तेच वापरते आहे.)

त्यानंतर मी ठरवलं की निदान आठवड्यातले दोन तास मुलांना बोलू द्यायचं. गटकार्य हा शब्द आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणांतून पाठ झालेला आहे. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटच्या प्राथमिक शाळांमध्ये ज्ञानरचनावादी पद्धतीने मुलं कशी शिकतात, ते बघायला त्या काळात राज्यभरातून शिक्षक जात होते. पण ती प्राथमिक शाळा, जमिनीवर आखलेली चित्रं, मणी आणि काड्या. माध्यमिकला तास पस्तीस मिनिटांचा, बाक जड, अभ्यासक्रम मोठा, आणि दहावीचा बोर्ड डोक्यावर. स्टाफरूममध्ये मला एकाने प्रेमानेच सांगितलं, "मॅडम, हे पाचवीपर्यंत ठीक आहे."

बाकांचा प्रश्न सर्वांत सोपा निघाला. आमचे बाक दोघांचे. पुढच्या बाकावरची दोन मुलं मागे वळून बसली की चौघांचा गट. उरलेल्या दोघांना दोन गटांत पाचवं म्हणून घ्यायचं. एक मिनिट लागतं. आवाजाचा प्रश्न सुटत नाही. तो सहन करावा लागतो, आणि शेजारच्या वर्गावरच्या सरांची रोज क्षमा मागावी लागते.

आवाजात मला एक गोष्ट ऐकू आली ती म्हणजे अहिराणी. आमची मुलं घरी अहिराणी बोलतात. वर्गात उभं राहून उत्तर द्यायचं तर पुस्तकातली मराठी लागते, म्हणून जे उत्तर मराठीत बसत नाही ते मूल गिळून टाकतं. गटात मुलं ते गिळत नाहीत. "हाऊ दोन कसा उना?" एक जण विचारतो, आणि सांगणाऱ्याला सांगावं लागतं की हा दोन कसा आला. "काबर?" हा तर गटातला सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द. मला 'का?' असं विचारायला ज्यांना भीती वाटायची, तीच मुलं एकमेकांना काबर, काबर विचारून हैराण करतात.

आता पट्ट्यांची गोष्ट सांगते. अवयव पाडणं हा विषय माझ्या दृष्टीने आठवी-नववीतला सर्वांत जास्त घोकला जाणारा आणि सर्वांत कमी समजणारा. क्ष² + ५क्ष + ६ दिलं की मुलं म्हणतात, सहाचे असे दोन अवयव शोधा की ज्यांची बेरीज पाच, दोन आणि तीन, संपलं. का, ते कोणी विचारत नाही. मी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. खानदेशात लग्नपत्रिका जाड पुठ्ठ्याच्या असतात आणि भरपूर असतात. त्यांतून तीन प्रकारचे तुकडे कापले : एक मोठा चौरस, त्याची बाजू क्ष, लांब पट्ट्या, लांबी क्ष आणि रुंदी एक, आणि छोटे चौरस, एक बाय एक. एक मोठा चौरस, पाच पट्ट्या, सहा छोटे चौरस घ्या आणि सगळे मिळून एक आयत तयार करा. आयताच्या बाजू मोजल्या की एक बाजू क्ष + २, दुसरी क्ष + ३. क्षेत्रफळ तेच, म्हणून गुणाकार तोच. अवयव म्हणजे आयताच्या दोन बाजू, हे पहिल्याच दहा मिनिटांत वर्गाच्या हातात आलं.

मग मी मुद्दाम एक उदाहरण घातलं : क्ष² + ५क्ष + ५. याचे पूर्णांकांत अवयव पडत नाहीत. आयत जमणार नाही, मुलं झगडतील, आणि सगळ्यांचेच अवयव पडत नाहीत हे त्यांना आपलं आपण कळेल, अशी माझी योजना होती. सगळे गट झगडत होते. एका गटाने हात वर केला. त्यांचा आयत तयार होता.

मी जाऊन बघितलं. मोठा चौरस, त्याला लागून पाच पट्ट्या, आणि पाच छोटे चौरस एकाखाली एक ठेवून शेवटच्या पट्टीशेजारी बरोबर बसवलेले. ना फट, ना टोक बाहेर. पाच बाय अकराचा अचूक आयत. मी पट्ट्या पाच सेंटिमीटर लांब कापल्या होत्या आणि छोटे चौरस एक सेंटिमीटरचे. पाच चौरस म्हणजे एक पट्टी. माझ्याकडून क्षची किंमत पाच ठरून गेली होती, आणि मला ते कळलंही नव्हतं. मुलांना कळलं. त्यांचं उत्तर त्यांच्या हातातल्या पुठ्ठ्यासाठी शंभर टक्के बरोबर होतं. क्ष पाच असेल तर क्ष² + ५क्ष + ५ आणि क्ष(क्ष + ६) दोन्ही पंचावन्नच येतात.

त्या संध्याकाळी मी सगळ्या पट्ट्या पुन्हा कापल्या. या वेळी मोजपट्टी घेतली नाही, आणि पाच चौरस किंवा सहा चौरस पट्टीच्या लांबीत नेमके बसणार नाहीत एवढंच पाहिलं. शिवाय एक बदल केला जो आजपर्यंत टिकला आहे : प्रत्येक गटाच्या पट्टीची लांबी वेगळी. या गटाचा क्ष बोटभर, त्या गटाचा वीतभर. दुसऱ्या दिवशी सर्वांना पुन्हा क्ष² + ५क्ष + ६ दिलं. पंधरा गटांचे पंधरा वेगळे आयत, लहानमोठे, आणि पंधराही गटांच्या पाटीवर (क्ष + २)(क्ष + ३). मी पाट्या फळ्याला टेकवून रांगेत उभ्या केल्या आणि विचारलं, क्ष किती आहे? थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एका मुलाने सांगितलं, "ज्याचा जेवढा, तेवढा." यावत्तावत् हा शब्द त्या मुलाने कधी ऐकला नव्हता. पाटणची सहल आदल्या वर्षीच्या नववीची होती.

सगळं असंच चाललं असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. पहिल्या वर्षी घटक चाचणीत मुलांचे गुण कमी आले. मला वाईट वाटलं, पालकांना वाटलं, आणि मुख्याध्यापकांनी बोलावून शांतपणे विचारलं की काय चाललंय. कारण शोधायला फार खोल जावं लागलं नाही. गटात समजलेली गोष्ट एकट्याने, घड्याळ लावून, दहा वेळा सोडवल्याशिवाय हाताला वळण लागत नाही. मी समजण्यात इतकी रमले की सरावाला वेळच ठेवला नाही. आता मी आठवड्यात दोनच तास गटाचे ठेवते. बाकीच्या तासांना मुलं एकेकटी, गप्प बसून, उदाहरणं सोडवतात. आणि सगळे पाठ गटाने शिकवायचे नसतात. अर्थनियोजनातला जीएसटी मी सरळ फळ्यावर शिकवते, बिलं आणून दाखवते, आणि पुढे जाते. त्यात शोधून काढण्यासारखं काही नाही, सरकारने ठरवलेले दर आहेत.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. गटात एक हुशार मूल असतं. ते सोडवतं, बाकीचे तिघे उतरवून घेतात. फळ्यासमोर एकट्याने न कळणं आणि गटात बसून न कळणं, यात दुसरं वाईट, कारण ते झाकलं जातं. मी नियम केला : उत्तर कोण सांगणार ते मी ठरवणार, आणि त्याला किंवा तिला आलं नाही तर गटाला आलं नाही. त्यावरून एका हुशार मुलाचे वडील शाळेत आले. "मॅडम, माझ्या मुलाने दुसऱ्यांना शिकवत का बसायचं? त्याचा वेळ जातो." प्रश्न खरा होता. मी त्यांना त्यांच्या मुलाची वही दाखवली. (अ + ब)² चा विस्तार त्याने कुठेही चुकवला नव्हता. त्याच्या गटातल्या एकाने अ² + ब² एवढंच लिहिलं होतं आणि विचारलं होतं, मधला २अब काबर? मुलाने उत्तर दिलं होतं, "सूत्र आहे." दुसऱ्याचं समाधान झालं नाही. मग दोघांनी मिळून पट्ट्या मांडल्या आणि दिसलं की नुसते दोन चौरस ठेवले तर मोठा चौरस पूर्ण होत नाही, दोन कोपरे रिकामे राहतात, आणि त्या प्रत्येक कोपऱ्यात अ बाय बचा एक आयत बसतो. मुलाने त्याचं चित्र वहीत काढलं होतं. वडिलांनी ते चित्र बराच वेळ बघितलं. ते काही बोलले नाहीत, पण पुन्हा तक्रार घेऊन आले नाहीत.

तिसरी अडचण मला उशिरा दिसली. एका गटात तीन मुलगे आणि एक मुलगी होती. ती सतत लिहीत असे. मला वाटायचं, मनापासून काम करते. दोन महिन्यांनी लक्षात आलं की तिघं सांगत आणि ती उतरवत असे. गटाने तिला लेखनिक करून टाकलं होतं, आणि मी शाबासकी देत होते. अक्षर सुंदर होतं तिचं. त्या अक्षरानेच मला फसवलं.

पुढच्या वर्षी ती दहावीत गेली आणि वर्ग माझ्याकडेच राहिला. दोन चलांतील रेषीय समीकरणांच्या पाठात तीन रीती होत्या : चलाचा लोप करणं, आलेख काढणं, आणि निश्चयक वापरून क्रेमरची पद्धत. इथे मी एक जुनी युक्ती वापरली. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात १९७१मध्ये एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाने ती वर्गात आणली होती. तिथे गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा नुकत्याच एकत्र केल्या होत्या आणि मुलं एकमेकांवर तुटून पडत होती. त्याने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा हवा असेल तर प्रत्येकाला दुसऱ्याचं ऐकावंच लागे. मी तीन रीतींचे तीन तुकडे केले. चौथं मूल पडताळा घेणार. क्रेमर कोणालाच नको होता, म्हणून तो त्या मुलीकडे आला.

पहिल्या दिवशी फजिती झाली. चार गटांत निश्चयक शिकवणाऱ्या मुलांनीच चुकीचं शिकवलं. तिरकस गुणाकारांची वजाबाकी करायच्या जागी बेरीज केली, आणि गट सबंध तास चुकीच्या उत्तरावर खूश होऊन बसले. मूळ पद्धतीत एक पायरी आहे : एकच तुकडा मिळालेली सगळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसतात, तो तुकडा पक्का करतात, आणि मगच आपापल्या गटात परततात. वेळ वाचावा म्हणून मी ती पायरी गाळली होती. दुसऱ्या आठवड्यात ती घातली. क्रेमरची सगळी मुलं ग्रंथालयाच्या खोलीत बसली. त्या मुलीने तिथे विचारलेला पहिला प्रश्न मी दारातून ऐकला : निश्चयक शून्य आला तर भागायचं कशाने? खोलीत कोणाला सांगता येईना. मीही सांगितलं नाही. तासाभराने ती आलेखवाल्यांकडे गेली, आणि दोन समांतर रेषा काढलेला कागद घेऊन आपल्या गटात परत आली. रेषा छेदतच नसतील तर उत्तर कुठून येणार? गटातले तिघे तिच्याकडे बघत होते. या वेळी लिहून घेणारे ते होते.

याच पाठातली आणखी एक आठवण आहे. मी मुलांना सांगितलं की पुस्तकातलं नको, आपापलं उदाहरण तयार करा. एका मुलाने, जो एसटी स्टँडजवळ काकांच्या टपरीवर सकाळी काम करायचा आणि वर्गात बहुतेक वेळा पेंगत असायचा, हे दिलं : एका गिऱ्हाईकाने दोन चहा आणि तीन वडापाव घेतले, पासष्ट रुपये झाले, दुसऱ्याने तीन चहा आणि दोन वडापाव, साठ रुपये. भाव काय? गट च आणि व लिहून, तिनाने गुणून, दोनाने गुणून, लोप करायला लागला. तो म्हणाला, दोन्ही बिलं एकत्र करा. पाच चहा, पाच वडापाव, सव्वाशे. म्हणजे एक चहा आणि एक वडापाव पंचवीस रुपये. आणि पहिल्याने दुसऱ्यापेक्षा पाच रुपये जास्त दिले ते एका चहाऐवजी एक वडापाव घेतला म्हणून, म्हणजे वडापाव पाचाने महाग. चहा दहा, वडापाव पंधरा. वही उघडली नव्हती त्याने.

बेरीज आणि वजाबाकीची ही रीत पुस्तकात आहे, मी ती नंतर शिकवणारच होते. पण मला लक्षात राहिला तो पुढचा संवाद. गटातल्या एकाने हे सगळं अक्षरांत लिहायला घेतलं आणि म्हणाला, "च म्हणजे चहा." टपरीवाला म्हणाला, "चहा नाही रे. चहाचा भाव. चहा कशाला गुणशील?"

बैलगाडीला दोन वर्षं होऊन गेली होती. वर्ग वेगळा होता, मुलं वेगळी होती. आंब्याचा वर्ग विचारणारा तो मुलगा मला त्या क्षणी आठवला. आता तो तिशीत असेल. कुठे आहे मला माहीत नाही.

समीकरण सोडवण्यासाठी आणखी एक साधन मी वापरते, काड्यापेटी आणि चिंचोके. प्रत्येक पेटीत सारखेच चिंचोके, किती ते झाकलेले. एका बाजूला तीन पेट्या आणि चार चिंचोके, दुसऱ्या बाजूला एक पेटी आणि चौदा चिंचोके, दोन्हींकडे ऐवज सारखा. मुलं दोन्हीकडून एक पेटी काढतात, दोन्हीकडून चार चिंचोके काढतात, उरतात दोन पेट्या आणि दहा चिंचोके. पेटीत पाच. पेटी उघडून मोजतात आणि खूश होतात. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे वाक्य मी आता कधीच म्हणत नाही. काहीही बाजू बदलत नाही. आपण दोन्हीकडून सारखंच काढतो.

पण हे साधन तोकडं आहे. तीन पेट्या आणि दहा चिंचोके एकीकडे, एक पेटी आणि चार चिंचोके दुसरीकडे, असं झालं की पेटीत उणे तीन चिंचोके निघतात. उणे तीन चिंचोके पेटीत कसे ठेवायचे? तिथे पेट्या बाजूला ठेवून मी पुन्हा जुन्या माणसांकडे जाते. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम लिहिले ते मालमत्ता आणि कर्ज याच शब्दांत. आपल्या भाषेत ते शब्द जसेच्या तसे शिल्लक आहेत. ऋण संख्या म्हणताना आपण कर्जच म्हणत असतो. सोसायटीचं कर्ज, सावकाराचं कर्ज, हे शब्द आमच्या मुलांना मला समजावून सांगावे लागत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात आठवीत विस्तारसूत्रं चालू होती. (अ + ब)² पट्ट्यांनी झालं होतं, आणि मी (क्ष − २)² कडे वळले तेव्हा मागच्या गटातल्या मुलीने विचारलं, "मॅडम, उणे पट्टी कशी कापायची?" मी म्हटलं, मला माहीत आहे त्या रीतीने दाखवू की तुम्ही बघता? त्यांनी बघतो म्हटलं. घंटा झाली तरी जमलं नव्हतं. तुकडे घरी नेले.

दुसऱ्या दिवशी त्या चौघी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी उभ्या होत्या. टेबलावर त्यांनी मोठा चौरस ठेवला, बाजू क्ष. त्याच्या उजव्या कडेवर दोन पट्ट्या उभ्या ठेवल्या, चौरसाच्या वरच, झाकून. "इतकं गेलं." मग खालच्या कडेवर दोन पट्ट्या आडव्या ठेवल्या. "इतकं गेलं." उघडा राहिला तो छोटा चौरस, बाजू क्ष − २. चार पट्ट्या गेल्या, म्हणजे क्ष² − ४क्ष.

"पण एवढ्यात उत्तर येत नाही," एक जण म्हणाली, "आम्ही क्ष दहा घेऊन बघितलं. आठाचा वर्ग चौसष्ट येतो आणि शंभरातून चाळीस गेले की साठ. चार कमी पडतात."

"मग?"

तिने कोपऱ्यावर बोट ठेवलं. उभ्या पट्ट्यांवरून आडव्या पट्ट्या जिथे गेल्या होत्या, तिथे पुठ्ठा दुहेरी झाला होता, दोन बाय दोन.

"इथे दोनदा घेतलं ना मॅडम. एकदाच घ्यायचं होतं. म्हणून चार परत द्यायचे." आणि तिने छोटे चार चौरस मोजून त्या कोपऱ्यावर ठेवले.